तेविसावा चौकोन

फिरती पाटी माझ्या घरी आली आणि नऊ दिवस झाले तरी तिथून हलली नाही. आमच्या गल्लीत असं आजवर कधी झालं नव्हतं. आणि मी ते मुद्दाम केलं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर कुणीतरी म्हणायचं की इसोगाईची म्हातारी विसरली असेल. मी अडुसष्ट वर्षांची आहे. विसरत काही नाही.

ही पाटी म्हणजे एक लाकडी फळी, वर चिमटा, चिमट्यात कागद. शेजारच्यानं दारात आणून ठेवायची, आपण वाचायचं, आपल्या चौकोनात नावाचा शिक्का उमटवायचा आणि पुढच्या दारात नेऊन ठेवायची. बर्फ काढायची पाळी कुणाची, गटार कधी साफ होणार, कोण वारलं, हे सगळं त्या पाटीवर येतं. खरं सांगायचं तर वाचत कुणीच नाही. शिक्का मारला की सुटलो! मी वाचते, हा माझा दोष.

या खेपेला लिहिलं होतं: बाजारगल्लीतल्या तेवीस दुकानांची मिळून एक नवी वेबसाइट होणार, नगरपालिका अनुदान देणार, आणि जुन्या वेबसाइट बंद करून सगळ्यांनी तिथे यायचं. खाली तेवीस चौकोन. बावीस लाल झालेले. आमचं दुकान गल्लीच्या शेवटाला, म्हणून माझा चौकोन शेवटचा.

आता जुनी वेबसाइट होती कुणाची? माझी एकटीची! बाकीच्यांकडे बंद करायला होतंच काय? म्हणजे सगळ्यांनी मिळून, अगदी नम्रपणे, माझ्या दुकानाला टाळं लावायचं ठरवलं होतं. कारण आमचं दुकान गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यावर चालत नाही. मोगुसा घ्यायला बर्फ तुडवत कोण येतंय? योमोगी नावाच्या रानझुडपाचा पाला जूनमध्ये कापायचा, वाळवायचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या थंडीत जात्यावर दळून-चाळून त्याचा कापसासारखा मऊ पुंजका काढायचा, तो मोगुसा. कातडीवर तांदळाएवढी गोळी ठेवायची आणि पेटवायची, की दुखणं शेकून निघतं. हा माल जातो देशभरातल्या शेक देणाऱ्या वैद्यांकडे, टपालानं. आणि त्यांना आमचा पत्ता सापडतो तो माझ्या पानावरून.

ते पान मी चोवीस वर्षांपूर्वी स्वतः बनवलं. नगरपालिकेच्या सभागृहात शिबिर होतं, तिथे सगळ्यांत पुढे बसून शिकले. छापील अक्षरं मला आवडेनात. मला सुलेखनात जिल्ह्याचं बक्षीस आहे. म्हणून सगळा मजकूर मी कुंचल्यानं लिहिला, एकेक कागद यंत्रावर पालथा घालून त्याचं चित्र काढलं आणि चढवलं. दर महिन्याला एखादं पान नव्यानं लिहायचं. भाव, मालाची प्रत, पाला कुठल्या डोंगरावरचा, सगळं माझ्या हातचं. असं पान अख्ख्या प्रांतात कुणाकडे नव्हतं.

नवव्या दिवशी नुनोकावा आला. दारूचं दुकान आहे त्याचं, गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. पहिलीपासून माझ्या वर्गात, म्हणून मला तो नुनो आणि त्याला मी मिच्चान. बरोबर एक चाळिशीचा गृहस्थ, गुळगुळीत दाढी, बर्फात घालायचे नाहीत ते बूट. कुरोनुमा नाव त्याचं, शहरातून आलेला, वेबसाइट बनवणारा.

"मिच्चान, पाटी," नुनो म्हणाला.

"वाचतेय."

"नऊ दिवस?"

"अक्षर बारीक आहे."

कुरोनुमानं वाकून नमस्कार केला, तळहाताएवढ्या पडद्यावर माझं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "फार वैशिष्ट्यपूर्ण आहे," तो म्हणाला. आमच्याकडे एखादी गोष्ट टाकाऊ वाटली की असंच म्हणतात. "पण चोवीस वर्षं झाली याला. वेबसाइट साधारण तीन-चार वर्षांत म्हातारी होते."

"असं? मग नवरा किती वर्षांत होतो तेही सांगा. एकदमच बदलून घेते."

माझा नवरा कान्जी जात्याच्या खोलीच्या दारात उभा होता, नखशिखांत हिरवट धुळीनं माखलेला. तो कधीच काही बोलत नाही. चहा घेतला आणि आत गेला.

"ताई, रंग जुने आहेत," कुरोनुमानं धीर धरून पुढे चालू ठेवलं. "फोनवर अक्षर बारीक दिसतं. शेजारच्या तिन्ही गावांनी नवीन करून घेतली."

"शेजारच्या गावानं डोकं भादरलं तर मीही भादरू? तुम्ही मला एवढंच सांगा, माझ्या गिऱ्हाइकाला काय कमी पडतंय? रंगाचं कौतुक नको. पान उघडून माणूस जे करायला आला, ते त्याला जमत नाही, असं एक उदाहरण दाखवा. त्याच दिवशी बदलीन."

कुरोनुमा पुन्हा रंगांकडेच वळला.

"बघ नुनो," मी म्हणाले, "माझं पान वाचून माणसं फोन करतात. कानाझावाहून, ताकाओकाहून. दर महिन्याला, त्याच दिवशी, त्याच वेळी. नुसती मागणी नोंदवून त्यांचं भागत नाही, माझ्याशी बोलल्याशिवाय त्यांना करमत नाही. तुझ्या नव्या वेबसाइटवर हे होणार आहे?"

"मग शनिवारच्या सभेत येऊन सांग ना हे! गिऱ्हाइकांकडून लिहून आण. मी कुठे नाही म्हणतो?" नुनो बूट चढवताना पुटपुटला, "पण शिक्का मार गं बाई. पंधरा फेब्रुवारी शेवटची तारीख आहे. आजवर आपल्या गल्लीतून एक चौकोन रिकामा गेला नाही."

"मग आणीनच लिहून!" मी म्हणाले. मला वाटलं, सोपं काम आहे.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन बसले. वर्षानुवर्षांची सात गिऱ्हाइकं निवडली. सगळे शेक देणारे. त्यांतल्या बहुतेकांना डोळ्यांनी दिसत नाही, आणि आमच्या धंद्यात ते नवल नाही. हा व्यवसाय आमच्याकडे पिढ्यानपिढ्या आंधळ्यांचाच. मी प्रत्येकाला तेच विचारलं: माझ्या पानाचा तुम्हाला किती उपयोग होतो, दोन ओळी द्याल का?

ताकाओकाचे म्हातारे वैद्य म्हणाले, "तुमचं पान ना? हो, आहे की. बरीच वर्षं आहे."

"पण कसं आहे?"

"आहे म्हणजे… असावं असंच आहे."

दुसरे म्हणाले, बायको सांगते की अक्षर फार देखणं आहे. तिसऱ्या बाईंनी थंडीचा विषय काढला, चौथ्यांना पेशंट आला. सहा झाले, तरी माझ्या कागदावर एक शब्द नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढी वर्षं माल घेतात, आणि दोन ओळींना महाग!

सातव्या हायामिझु सेनसेई, म्हणजे वैद्यबाई. कानाझावाच्या. एकोणीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला त्यांचा फोन. पहिली प्रत, म्हणजे सगळ्यांत बारीक मोगुसा, त्यांच्याइतका नेमानं कुणी घेत नाही. मी त्यांना सरळच म्हणाले, "सेनसेई, तुम्ही तरी तोंड उघडा. माझ्या पानाच्या मुळावर लोक उठलेत. सभेत वाचायला दोन शब्द हवेत."

त्यांनी आधी कुणालातरी बाहेर थांबायला सांगितलं.

"इसोगाई-सान, रागावणार नाही ना?"

"रागावेन कशाला?"

"तुम्ही रागावता," त्या म्हणाल्या. "पण खोटं लिहून देणं मला जमणार नाही. थांबा. तुम्हीच ऐका."

काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. मग एक बाई बोलायला लागली, फार भराभर, श्वास न घेता. संगणक होता तो. सेनसेईंना दिसत नाही म्हणून संगणक त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो.

"चित्र," ती बाई म्हणाली. "चित्र. चित्र. शून्य शून्य एक दोन, चित्र. चित्र. चित्र. पानाचा शेवट."

"हे काय?" मी विचारलं.

"हे तुमचं पान. त्याला तुमचं अक्षर वाचता येत नाही. चित्र आहे, एवढंच कळतं त्याला. मला भाव कळत नाही, प्रत कळत नाही, काही कळत नाही. म्हणून फोन करते. ताकाओकाचे ते आजोबा करतात तेही त्यासाठीच."

पायाखालची वाळू सरकली माझ्या. पण मी मी आहे, त्यामुळे तोंडातून आलं ते हे: "एकोणीस वर्षं! तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"पहिल्याच फोनला तुम्ही म्हणालात, माझ्या पानासारखं पान प्रांतात नाही. त्यावर मी काय बोलणार? मग एक वर्ष गेलं. एक वर्ष गेल्यावर सांगणं आणखी वाईट दिसतं. पाच वर्षांनी तर सांगताच येत नाही." त्या जराशा हसल्या. "तुमच्याशी बोलायला आवडतं, हे खोटं नाही. पण इसोगाई-सान, तुमच्याकडून काय घ्यायचं हे कधी एकटीनं, शांतपणे ठरवता आलं नाही मला. दर वेळी विचारायचं. आणि विचारलं की घ्यावंच लागतं."

मी फोन ठेवला. नीट निरोपही घेतला नाही. लाज वाटली, भयंकर लाज. ज्या माणसांच्या जिवावर आमची चूल पेटते, त्यांच्यासमोर मी चोवीस वर्षं कुंचल्यानं नक्षी काढत बसले होते! त्यांना दिसत नाही हे मला ठाऊक होतं. एकदाही डोक्यात आलं नाही. उलट फोन वाजला की मी फुशारत होते, बघा, माझ्यावाचून यांचं अडतं.

जात्याच्या खोलीत जाऊन कान्जीला सगळं सांगितलं. त्यानं जातं थांबवलं नाही, नुसती मान हलवली.

"मग मारतेस शिक्का?" त्यानं विचारलं.

मी तिथेच थबकले. कारण मनात तेच आलं होतं. माझं पान टाकाऊ निघालं, म्हणजे कुरोनुमाचं म्हणणं बरोबर. पण कुरोनुमानं हे कुठे सांगितलं होतं? त्याला रंग जुने दिसले. मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते मी शनिवारी विचारलं.

मंडळाच्या माडीवर वीसेक माणसं जमली होती. रॉकेलचा हीटर, संत्री, चहा. सगळ्यांना चार वाजता घरी जायचं होतं. नुनोनं मला उभं केलं आणि म्हणाला, इसोगाई-सान गिऱ्हाइकांचं म्हणणं वाचून दाखवतील.

"वाचायला काही नाही," मी म्हणाले. "ऐकवते."

बरोबर आणलेली पाटी बाजूला ठेवली, फोन चटईच्या मधोमध ठेवला, आवाज मोठा केला. सेनसेई कानाझावात आपल्या संगणकापाशी बसल्या होत्या. आदल्याच दिवशी त्यांना परत फोन करून माफी मागितली होती आणि वेळ ठरवली होती. आधी त्यांनी माझं पान लावलं. चित्र, चित्र, चित्र. फळवाली बाई फिसकन हसली. मग सगळेच हसले.

"हसा," मी म्हणाले. "चोवीस वर्षं मी गल्लीभर मिरवत होते ते हे. माझं पान मुकं आहे. इतके दिवस पाटी अडवली ती याच्यासाठी. माझी चूक झाली, हे चारचौघांत सांगते."

नुनोचा चेहरा उजळला. त्यानं शिक्क्याची लाल शाई पुढे सरकवलीदेखील.

"थांब. अजून संपलं नाही. कुरोनुमा-सान, शेजारच्या गावाची नवी वेबसाइट तुम्हीच केली ना? आपली तशीच होणार? सेनसेई, आता ती लावा. तिथल्या तांदळाच्या दुकानात पाच किलोचं पोतं केवढ्याला आहे, तेवढं सांगा."

संगणकातली बाई बोलायला लागली. "बटण. बटण. चित्र. बटण. सरकतं चित्र, पाचपैकी एक. सरकतं चित्र, पाचपैकी दोन. बटण." ती थांबेचना. कुणीतरी संत्रं सोलत होतं, ते तसंच हातात राहिलं.

"सापडलं?" मी विचारलं.

"फार सुंदर केली असेल," सेनसेई म्हणाल्या.

"सेनसेई! सुंदर म्हणू नका! एकोणीस वर्षं मला हेच म्हणालात तुम्ही. भाव सापडला का?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग जरा जोरात, "नाही सापडला."

कुरोनुमाचे कान लालभडक झाले होते. माणूस वाईट नव्हता तो. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "सात गावांची केली. आजवर हे कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय."

"दुरुस्त होईल. नीट करायचं तर मे महिना उजाडेल."

"मग झालं तर!" नुनो मधे पडला. "तुझंही मुकं, आमचंही मुकं. आमचं निदान नवं तरी आहे. मिच्चान, तू आधी शिक्का मार, दुरुस्ती मागून होईल. आणि हे बघ, तुझं गिऱ्हाईक जरा वेगळं आहे. माझी दारू घ्यायला येतात त्यांना चांगलं दिसतं."

"दोन बाटल्यांनंतर त्यांनाही दिसत नाही," मी म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. "मला 'मागून' नको. माझं पान बंद करून तुमच्यात आले, की माझी माणसं मे महिन्यापर्यंत बाहेर उभी. आणि मे महिन्यात अनुदान संपलेलं असेल, तेव्हा कोण कुणाला विचारतंय! आधी दुरुस्ती, मग शिक्का."

"पण पंधरा तारीख!"

"मग मला वगळून पाठव."

"रिकामा चौकोन पाठवता येत नाही."

"कुठे लिहिलंय?"

नुनोनं पाटीवरचा कागद उलटा केला, सुलटा केला. बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी चहाच्या कपात डोकी घातली. कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, "आजवर कुणी पाठवला नाही."

"मग तू पाठव. कारण विचारलं तर सांग, इसोगाई मित्सुए नाही म्हणाली. नाही! दोन अक्षरं आहेत. बावीस जणांत किती जणांना हे नको होतं, मला ठाऊक आहे. एकाच्या तोंडून निघालं नाही. माझ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून निघालं नाही म्हणून मी चोवीस वर्षं मूर्ख राहिले. आता मी तुम्हाला तोंडावर सांगतेय, तर तुम्हीच माझ्यावर डोळे वटारता!"

पाटी नुनोच्या मांडीवर ठेवली आणि जिना उतरले.

त्याची किंमत मोजावी लागली. दोन आठवडे गल्लीत माझ्याशी लोक फक्त हवामानावर बोलले. बर्फ काढणारी मंडळी शेजारच्या दारापर्यंत फावडी मारत येत आणि बरोबर माझ्या उंबऱ्याच्या रेषेवर थांबत. मी माझं फावडं घेतलं आणि माझ्यासमोरचं काढलं, आणि नाकावर टिच्चून समोरच्या म्हाताऱ्या शिंपिणीच्या दारातलंही काढलं. नुनोनं शेवटी एक चौकोन रिकामा ठेवून अर्ज नेला. नगरपालिकेतल्या कारकुनानं मान वरदेखील केली नाही, ठप्पा मारला आणि पुढचा कागद ओढला. हे मला नुनोच्या बायकोनं सांगितलं. तो स्वतः कशाला सांगेल!

पण आता मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते. महिन्याभरात पान बोलकं झालं नसतं, तर मला गल्लीत तोंड दाखवायला जागा नव्हती.

कुरोनुमा एका रविवारी आपणहून आला. या वेळी गमबूट घालून. सेनसेईंचा नंबर मागायला आला होता, त्याला त्याचीही वेबसाइट तपासायची होती. मी आधी चार शब्द सुनावले, मग सूप पाजलं, आणि माझ्या संगणकावर ती वाचणारी बाई बसवून घेतली. तो म्हणाला, "ताई, साधं लिहा. मथळा असेल तर मथळा म्हणून लिहा, नुसता मोठा करू नका. चित्र ठेवलंत तर त्यात काय आहे ते एका ओळीत सांगा. बाकी तुम्हाला येतंच."

पहिल्याच दिवशी मी माझी एक्केचाळीस पानं पुसली. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? एकेक अक्षर ओळखीचं होतं. मग पडदा बंद केला आणि नुसतं ऐकत ऐकत लिहायला लागले. कानांनी ऐकलं आणि कळलं की मी किती पाल्हाळ लावते! डोंगरावरच्या पाल्याचं वर्णन ती बाई वाचत सुटायची आणि भाव काही केल्या येईना. मलाच कंटाळा आला. निम्मं काढून टाकलं. भाव वर आणले. पहिली प्रत कशासाठी, दुसरी कशासाठी, एकेका ओळीत. आणि सगळ्यांत खाली लिहिलं: तक्रार असेल तर इथे लिहा. मी रागावेन, पण वाचीन.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी सातही जणांना कळवलं की पान तयार आहे.

मार्चचा पहिला सोमवार. दहाला फोन वाजला नाही. साडेदहा झाले. मी फोनपाशीच बसले होते, हातात कापड, एकच कपाट चार वेळा पुसलं. अकरा वाजले तेव्हा मला खात्री पटली की पान बिघडलं. आपणच फोन करावा असं दहादा मनात आलं आणि दहादा हात मागे घेतला. फोन केला की सेनसेई म्हणणार, सुंदर आहे, आणि घ्यायचं म्हणून घेणार. दुपारी दोनला त्यांचं पत्र आलं, पानावरच्या तक्रारीच्या जागेतून.

"इसोगाई-सान, पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. तक्रार लिहा म्हणता म्हणून लिहिते. पहिल्या प्रतीच्या मोगुसात दोन वर्षांपासून बारीक काड्या येतात. बोटांत वळत नाही, एकसारखा जळत नाही, माणसाला चटका बसतो. मागच्या महिन्यात एका आजींच्या पाठीवर फोड आला. फोनवर सांगायला जीभ रेटली नाही. या महिन्यात दुसरीकडून मागवते आहे. रागावा."

रागावले. कपाट धाडकन लावलं. आमच्या मालात काड्या! पहिल्या प्रतीत! पत्र छापून घेतलं आणि जात्याच्या खोलीत जाऊन कान्जीच्या नाकासमोर धरलं. त्यानं चष्मा पुसला, सावकाश वाचलं. मग चाळणीतून चिमूटभर मोगुसा घेतला, बोटांवर चोळला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी चोळून पाहिला. टोचला.

"जातं गुळगुळीत झालंय," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही मला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. नुसता बघत राहिला, आणि मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आजी कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही. पण त्यांच्या पाठीवरचा फोड माझ्यामुळे होता, माझ्या या तोंडामुळे.

"बंद करा जातं," मी म्हणाले. "आत्ता. वरची पाळू उतरवा आणि टाकी लावून दगड पुन्हा खरखरीत करायला घ्या."

"हंगाम संपत आलाय. पंधरा दिवसांचं दळण बुडेल."

"बुडू दे."

जात्याचा आवाज थांबला तशी खोली एकदम मोठी वाटायला लागली. मी संगणकापाशी गेले, पडदा बंद ठेवला आणि पहिल्या प्रतीच्या भावावर नवी ओळ घातली: ही प्रत सध्या विकत नाही. दोन वर्षं जातं बिघडलेलं होतं, मालात काड्या गेल्या. ज्यांना चटका बसला त्यांची माफी मागते. जात्याला टाकी लावतोय. इसोगाई मित्सुए.

वाचणाऱ्या बाईनं ते भराभर वाचून दाखवलं. कान्जी दारात उभा राहून ऐकत होता, हातात छिन्नी.

"हे नुनो वाचेल," तो म्हणाला. "अख्खी गल्ली वाचेल. नाव तरी काढ."

"राहू दे नाव," मी म्हणाले, आणि ती ओळ पानावर चढवली.